सॅन अँटोनियोतला परीक्षक

“अप्पा, जरा हळू बोला.”

“का? इथं मराठी कुणाला कळतंय?”

गौतमीनं आजूबाजूला पाहिलं. कळणारं कुणी नव्हतंच. हातात कागदी पेला धरून, मान तिरकी करून भिंतीकडे बघणाऱ्या दोन गोऱ्या बायका तेवढ्या होत्या. त्या ज्याच्याकडे इतक्या भक्तिभावानं बघत होत्या ते मोटारीचं बॉनेट होतं. अख्खी मोटार नव्हे, नुसतं बॉनेट. कुणीतरी ते उचकटून भिंतीला ठोकलं होतं आणि त्यावर निळ्या झग्यातली मेरीमाता, चार गुलाब आणि एक रडणारी बाई रंगवली होती. शेजारच्या पाटीवर रंगवणाऱ्याचं नाव, साल आणि साहित्य लिहिलं होतं: पत्र्यावर मोटारीचा रंग.

“आमच्या मिरजेत ट्रकच्या मागं यापेक्षा बरा मोर असतोय,” मी म्हणालो. “आणि तो बघायला तिकीट काढावं लागत नाही.”

“इथंही तिकीट नाहीये.”

“मग बरोबर आहे.”

ती हसली नाही. माझा दंड धरून तिनं मला पुढच्या दालनात नेलं.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. मिरजेच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं मी ड्रॉइंग मास्तर होतो, आणि त्यातली एकोणीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांचे पेपर तपासायला जात होतो. तपासायला बसलो की एका चित्राला चार सेकंद. समोर ढीग असायचा. चित्र उचललं, नजर टाकली, ए, बी, सी किंवा नापास, आणि दुसऱ्या ढिगात. वेल्हाळ मास्तरांचा हात कधी अडखळला नाही असं सगळे म्हणायचे आणि मला त्याचा फार अभिमान होता. पुढं पुढं ही सवय अंगातच मुरली. पंगतीत वाढणारा, बसचा कंडक्टर, भाषण करणारा पुढारी, लग्नातली नवरी, जो समोर येईल त्याला मी मनातल्या मनात श्रेणी देऊन टाकायचो. ए श्रेणी मिळालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती आणि त्यात मी धरलेला होतो.

गौतमी माझी एकुलती एक मुलगी. नऊ वर्षं सॅन अँटोनियोत होती, तिथल्या एका इस्पितळात औषधं देण्याच्या विभागात. वय तेहतीस. तिनं पाच आठवड्यांसाठी मला बोलावून घेतलं होतं. इंदूचं, म्हणजे माझ्या बायकोचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं मी एकटाच गेलो. कशासाठी बोलावलं आहे ते मला ठाऊक होतं. रुबेन नावाचा एक मुलगा होता. इस्पितळात एक्स-रे काढायचा. मनगटापासून कोपरापर्यंत हातावर गोंदलेलं, केसांना तेल नाही, आणि मला बघितलं की दोन्ही हात जोडून “नमस्कार, अप्पा” म्हणायचा. गौतमीनं शिकवलेलं. मी त्याला पहिल्याच दिवशी सी देऊन मोकळा झालो होतो.

पुढच्या दालनात रुमाल होते. खिशातले साधे पांढरे रुमाल, तुरुंगातल्या कैद्यांनी बॉलपेननं चित्रं काढून घरी पाठवलेले. कुणी बायकोचा चेहरा काढलेला, कुणी घड्याळ, कुणी गजाआडचा स्वतःचाच हात. मी चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं. कापडावर बॉलपेन अडकतं, शाई फुटते, हे कुठल्याही शाळकरी पोराला माहीत असतं. इथं एका बाईच्या गालावरची सावली अशी चढत गेली होती की शाई कुठं सुरू झाली ते कळत नव्हतं.

“कसं वाटलं?” गौतमीनं आशेनं विचारलं.

“वेळ भरपूर मिळाला असणार,” मी म्हणालो.

मग पोस्टरं आली. द्राक्षमळ्यांतल्या मजुरांनी कधीकाळी संप केला होता, तेव्हाची. लाल-काळ्या रंगात, मुठी वळलेली, द्राक्षं खाऊ नका असं सांगणारी.

“हे आमच्या तासगावच्या द्राक्षबागांत लावून दाखवा म्हणावं,” मी म्हणालो. “गावकरी मुठी कशा वळतात ते बघायला मिळेल.”

“अप्पा, हा यांचा इतिहास आहे. हे चिकानो लोक. म्हणजे मूळ मेक्सिकोचे, पण इथंच जन्मलेले, वाढलेले. शेतात राबले, कारखान्यांत राबले. शाळेत स्वतःची भाषा बोललं तर छडी खायचे.”

“म्हणजे ना धड इकडचे, ना धड तिकडचे.”

“माझ्यासारखे,” ती म्हणाली.

मी पंख्याच्या झोताखाली बाकावर जाऊन बसलो. शहराची स्वतःची गॅलरी होती ती. बर्फाच्या जुन्या कारखान्याची इमारत, उंच छत, भिंतींना पांढरा रंग. गौतमी शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ हातातला नकाशा उलटसुलट करत राहिली.

“वरच्या मजल्यावर रुबेनच्या आईंचं प्रदर्शन आहे,” ती अखेर म्हणाली. “एस्तेला त्यांचं नाव. आज दालन बंद आहे. पुढच्या शनिवारी त्या स्वतः येणारेत. तुमची दोघांची भेट झाल्याशिवाय आमचं लग्न ठरायचं नाही.”

“म्हणजे मी हो म्हटल्याशिवाय.”

“तुमची भेट झाल्याशिवाय,” तिनं पुन्हा म्हटलं. “अप्पा, मला त्याच्याशीच लग्न करायचंय. हे मोडलं तर मी दुसरं बघणार नाही. तेवढं लक्षात ठेवून वागा.”

मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ माझ्या लेखी इतकाच होता, की पेपर माझ्यापुढे आलेला आहे आणि तो मी नियमाप्रमाणे तपासणार आहे.

रात्री इंदूचा फोन आला. मी तिला बॉनेटची गोष्ट रंगवून सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “अहो, तुम्हाला तिथं चित्रं तपासायला धाडलेलं नाही. माणसं बघा.”

“माणसं चित्रांवरूनच कळतात,” मी म्हणालो, आणि हे वाक्य आपल्याला चांगलं सुचलं असं वाटून झोपलो.

पुढच्या शनिवारी एस्तेलाबाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, पांढऱ्या केसांची एकच वेणी, पायांत सपाता. त्यांनी हात पुढं केला. बोटांची कातडी ठिकठिकाणी सोललेली, पांढुरकी पडलेली. मी हात जोडून नमस्कार केला. त्यांचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग त्यांनी तो झग्याला पुसला. गौतमीनं घाईघाईनं काहीतरी सांगितलं, आमच्याकडे अशीच रीत आहे वगैरे असणार.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मला इंग्रजी वाचता येतं. बातम्या सावकाश सांगितल्या तर कळतात. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते, आणि आपलं चुकेल या भीतीपेक्षा न बोललेलं बरं असं मी आयुष्यभर मानत आलो. गौतमीचं इंग्रजी तिथं राहून इतकं पळायला लागलं होतं की दर वाक्यातला एखादा शब्द माझ्या हाती लागायचा. त्यात ती मायलेकरं मध्येच स्पॅनिशमध्ये घुसायची. त्यामुळं सगळा कारभार गौतमीमार्फत चालला. मी मराठीत बोलायचं, तिनं त्यांना सांगायचं. मला हे फार सोयीचं वाटलं.

वरच्या दालनात आडव्या तारा बांधल्या होत्या आणि त्यांवर चिमटे लावून निळे गणवेश टांगले होते. घरकामाला जाणाऱ्या बायका तिथं घालतात तसे, जाड सुती. शिवणी उसवून ते सपाट केले होते. एकोणीस होते. प्रत्येकावर चित्र, पण रंगानं काढलेलं नाही. पांढरे कपडे धुताना घालतात ते ब्लीच ब्रशनं लावून कापडाचा निळा रंग उडवलेला, आणि जिथं उडाला तिथं तांबूस-पांढुरकी रेघ उमटलेली. न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून टब घासणारी बाई. शिडीवरून पंखा पुसणारी. बसथांब्यावर दोन पिशव्या घेऊन झोपलेली.

“एकतीस वर्षं त्यांनी लोकांची घरं साफ केली,” गौतमी हलकेच म्हणाली. “हे त्यांचे स्वतःचे आणि मैत्रिणींचे गणवेश आहेत.”

“हिला धुणी वाळत घालायला जागा बरी मिळाली,” मी म्हणालो.

एस्तेलाबाई माझ्याकडे बघत होत्या. गौतमीनं त्यांच्याकडे वळून इंग्रजीत सुरुवात केली आणि चांगलं अर्धं मिनिट बोलली. बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या गणवेशापाशी मी म्हणालो, “कापड पाच वर्षांत विरणार. ब्लीच खाऊन टाकतंय.”

गौतमी पुन्हा बोलली. या खेपेला तिनं छातीवर हातसुद्धा ठेवला.

तिसऱ्यापाशी, “मानेचा सांधा चुकलाय. आठवीतला पोरगा बरा काढेल.”

चौथ्यापाशी मी काहीच बोललो नाही, नुसतं नाक मुरडलं, तरी गौतमी बोलली. इंग्रजीला शब्द फार लागतात, असं मी मनाशी म्हटलं. रुबेन आमच्या मागं हात बांधून चालत होता आणि गौतमी बोलायला लागली की तिच्याकडे असा बघायचा की जणू ती दोरीवर चालते आहे. मला ते बघून हसू आलं होतं. काय तो बावळट चेहरा, असं वाटलं होतं.

अकराव्या गणवेशापाशी माझे पाय थांबले. एक बाई पलंगाखाली पालथी शिरली होती आणि आपला एक हात थेट बघणाऱ्याच्या दिशेनं लांबवून काहीतरी हुडकत होती. पुढं आलेला तळवा मोठा, मनगट त्याहून लहान, मग दंड जवळजवळ दिसेनासा, आणि खांदा अगदी मागं, अंधारात. हे फार अवघड असतं. पुढं आलेला हात काढायला मी चौतीस वर्षं शिकवलं. फळ्यावर चौकट आखून, मोजून, ठोकळ्यासारखा. खडूनं काढताना पुसायची सोय असते. ब्लीच पुसता येत नाही. ते लावताना दिसतसुद्धा नाही. रेघ उमटते ती थोड्या वेळानं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. या बाईनं तो अख्खा हात न दिसणाऱ्या पाण्यानं, एका दमात काढला होता. मी तो हात तिच्यासारखा काढू शकलो नसतो. आयुष्यात कधीच नाही. हे मला तिथं उभ्या उभ्या लख्ख कळलं.

म्हणून मी चूक शोधायला लागलो. एरवी चार सेकंदांत काम उरकणारा मी, तिथं चांगली दहा मिनिटं उभा होतो. आणि सापडली. मी इतका खूश झालो की बोट थेट कापडाजवळ नेलं.

“अनामिका आखूड आहे,” मी म्हणालो. “करंगळीएवढीच. शरीराचा अभ्यास नाही. सी ग्रेड. कशीबशी.”

एस्तेलाबाई एक पाऊल पुढं आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि त्यांनी उत्सुकतेनं गौतमीकडे पाहिलं. गौतमी बोलली. पुष्कळ बोलली. बाई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता ते उजळलेलं काहीतरी विझलं. त्यांनी एकदा गौतमीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या गालावर हात ठेवला.

घरी येताना गौतमी गाडी चालवत होती. “छान झालं, अप्पा,” ती म्हणाली, पण दिवसभर विहिरीचं पाणी ओढल्यासारखी दमलेली दिसत होती.

“निकाल मी निघायच्या आधी सांगेन,” मी म्हणालो.

निकाल माझा ठरलेला होता. नापास. ज्या घरात वापरलेले गणवेश तारेवर टांगून त्याला कला म्हणतात, जिथं मुलगा हाडांचे फोटो काढतो आणि आई लोकांची न्हाणीघरं धुते, तिथं माझी मुलगी द्यायची नाही. कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. गौतमी रडेल, आठ दिवस अबोला धरेल, मग समजेल. दुसरं बघणार नाही म्हणाली होती, पण असं सगळ्याच म्हणतात. मी स्वतःला असंच समजावत होतो आणि वर निवांत झोपतही होतो.

माझं विमान सोमवारी होतं. त्याआधीच्या शनिवारी, आमच्या भेटीनंतर दोन आठवड्यांनी, एस्तेलाबाईंचा निरोप आला: प्रदर्शन उतरवायचं आहे, अप्पांना घेऊन या.

आम्ही पोहोचलो तेव्हा निम्मे गणवेश उतरवून झाले होते. रुबेन ते पातळ कागदात गुंडाळून खोक्यांत ठेवत होता. बाईंनी त्याला आणि गौतमीला खोकी खाली गाडीत नेऊन ठेवायला सांगितलं. गौतमी घुटमळली.

“मी थांबते,” ती आधी मला मराठीत म्हणाली आणि मग बाईंना इंग्रजीत. “तुम्हाला बोलायला माझी गरज लागेल.”

“नाही लागणार,” बाई म्हणाल्या. एवढं मला कळलं.

ती दोघं खोकी घेऊन जिना उतरली. दालनात आम्ही दोघंच. बाईंनी बाकावर बसून शेजारची जागा थोपटली. मी अंतर ठेवून बसलो. समोरच्या तारेवर तो अकरावा गणवेश अजून होता.

मग त्या इंग्रजीत बोलायला लागल्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मी पाचवीच्या वर्गात बोलायचो तसं. मला सगळं कळत होतं. पहिल्या भेटीतही त्या माझ्याशी अशा बोलू शकल्या असत्या हेही कळलं.

“माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात,” त्या म्हणाल्या, “मुलीकडच्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवलं होतं. फार गोड बोलून. आता तो मुलगा सणालासुद्धा माझ्याकडे येत नाही. म्हणून या वेळी मी रुबेनला सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण मला तिची माणसं बघायची आहेत. ती बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि मी हो म्हटल्याशिवाय तो लग्न करणार नाही.”

म्हणजे पेपर माझ्यापुढं कधी आलाच नव्हता. दोन आठवडे तिथं बघण्याचा कार्यक्रम चालला होता, पाटावर मी बसलो होतो आणि समोर बसून बघणाऱ्या त्या होत्या.

“गौतमीनं तुम्हाला हे सांगितलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

“सांगितलं असतं तर तुम्ही गोड बोलला असता. मुलगी प्रामाणिक आहे, एवढ्या बाबतीत तरी. त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोललात की ती चार वाक्यं बोलायची. तुमची रेघ शांत आहे, माझे वडील म्हणतात. या कापडात तुमचं आयुष्य आहे, माझे वडील म्हणतात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. एकतीस वर्षं मी श्रीमंतांची घरं साफ केली. ती माणसं माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलायची, मला कळत नाही असं समजून. भाषा कशाला लागते? तोंड दिसतं की.”

मी जमिनीकडे बघत राहिलो.

“तरी मला खात्री नव्हती. मग तुम्ही त्या बोटावर बोट ठेवलंत.” त्यांनी समोरच्या गणवेशाकडे हनुवटी केली. “प्रदर्शन उघडलं त्या दिवशी चारशे माणसं आली होती. सगळी सुंदर, सुंदर म्हणून गेली. ते बोट चुकलंय. आखूड झालंय. ब्लीच उमटल्यावर मला दिसलं आणि मी रात्रभर जागी होते. चारशे माणसांत ते कुणालाच दिसलं नाही. तुम्हाला दिसलं. मला इतका आनंद झाला, की अखेर बघणारा कुणीतरी आला. आणि तुमची मुलगी मला म्हणाली, माझे वडील म्हणतात, या हातातलं हे बोट सर्वांत सुंदर आहे.”

त्या हसल्या. ते हसू माझ्या वाट्याचं नव्हतं.

“तुम्हाला डोळे आहेत. तेच मी माफ करू शकत नाही. ज्याला दिसत नाही तो हसला तर मी सोडून देते. तुम्हाला बोट दिसलं, म्हणजे बाकीचा हातही दिसला असणार. दिसूनसुद्धा तुम्ही तसं तोंड केलंत. असल्या माणसांची घरं मी साफ केलीत. बैठकीची खोली झगझगीत असते, आणि घाण कुठं दडवलेली असते ते मला न सांगता कळतं.”

मला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा, मुळापासून. उठून जावंसं वाटलं, पण उठलो असतो तर तेवढीही लायकी उरली नसती.

“तुम्ही मला पसंत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासाठी मी हो म्हटलं नसतं. पण ती मुलगी त्या दिवशी तुमच्या आणि माझ्यामध्ये उभी राहिली. तुम्ही जे जे फेकलंत ते तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि माझ्या हातात फुलं दिली. घामेघूम झाली होती. तिला माझी लाज वाटत नव्हती, तुमची वाटत होती, आणि तरी तिनं तुम्हालाही उघडं पडू दिलं नाही. अशी मुलगी मी सोडली तर मी मूर्ख. तिला मी घेतली.” त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. “झालं. आता तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला. तुमच्या तोंडानं.”

मी शब्द जुळवायला लागलो. मुलीच्या लग्नाचं काहीतरी बोलायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. ती मला इंग्रजीत मागता येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मराठीतही आली नसती. अखेर मी त्या गणवेशाकडे बोट केलं आणि त्या देशात आल्यापासूनचं माझं पहिलं इंग्रजी वाक्य बोललो. बाकीचा हात फार चांगला आहे, असं.

“मला माहीत आहे,” एस्तेलाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, चिमटे काढून तो गणवेश त्यांनी तारेवरून उतरवला आणि माझ्याकडे पाठ करून कागदात गुंडाळायला लागल्या. मी मदतीला हात पुढं केला तो त्यांना दिसला नाही, किंवा दिसला असेल.

जिन्यावर मला गौतमी भेटली. दोन-दोन पायऱ्या चढत वर येत होती. माझा चेहरा बघून ती जागच्या जागी थांबली आणि तिचाही रंग उतरला.

“काय झालं? काय बोलल्या त्या?”

“मुलगी पसंत आहे म्हणाल्या.”

तिनं कठडा धरला. मग ती पायरीवरच बसली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण हात उचलेना. खालून खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. बऱ्याच वेळानं तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

“तुम्हाला सगळं समजलं त्यांचं? इंग्रजीतलं?”

“समजलं.”

“इतका वेळ बोलत होतात दोघं. एवढंच म्हणाल्या?”

“एवढंच.”

ती माझ्याकडे निरखून बघत राहिली. माझे वडील म्हणतात, असं म्हणत तिनं माझ्या नावावर काय काय खपवलं होतं ते तिच्या डोळ्यांत अजून धास्तावून बसलेलं होतं.

“आणि तुमच्याबद्दल?” तिनं विचारलं. “तुमच्याबद्दल काय म्हणाल्या?”

“माझा विषय निघाला नाही,” मी म्हणालो.